तिरप्या बांधीतल्या दहा पेंड्या

भूमितीचे सिद्धान्त मी चक्क पाठ करायची, तेही आकृतीच्या अक्षरांसकट. इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. नागऱ्याजवळच्या आमच्या गावातून गोंदियाच्या शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. बाबांनी आधीच बजावलं होतं, "या चाचणीत नापास झाली का शाळा बंद. रोवणीले माणसं मिळून नाही राहिली."

चाचणीच्या आधीच्या रविवारी मीही रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला गेले. भाताचं रोप लावण्याआधी त्याच्या पेंड्या चिखलात अंतराअंतरावर फेकून ठेवतात, ते काम माझ्याकडे होतं; शिवाय रोवणाऱ्या बायांबरोबर रोपांची एक ओळही लावायची होती. आमच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दोन समांतर धुऱ्यांच्या, शेताच्या बांधांच्या, मधे होत्या. धुऱ्यालगतची रुंदीही दोघींची सारखीच. पण एक सरळ चौकोनी आणि दुसरी नाल्याकडे कललेली, तिरपी.

"दोन्हीत चाळीस-चाळीस टाक," माय म्हणाली.

मी पडले शाळा शिकलेली! तिरपीच्या कडेने चालायला जास्त वेळ लागतो, म्हणजे ती मोठी, असं ठरवून मी तिच्यात गुपचूप पन्नास टाकल्या. संध्याकाळी त्या दोन बांध्यांची रोवणी आटोपली आणि बरोबर दहा पेंड्या चिखलात उरल्या. बाया फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माय हसली नाही. पाटीला तिने जन्मात हात लावला नव्हता. चिखलाने माखलेलं बोट तिने आधी एका टोकाकडे केलं, मग दुसऱ्या. "हे पाह्य. या कोपऱ्यात जेवढी बाहेर गेली, तेवढीच त्या कोपऱ्यात आत आली. मंग वाढंल कायले?"

मी बघतच राहिले. गुरुजींनी फळ्यावर चार वेळा समजावलेला सिद्धान्त हाच होता: त्याच दोन समांतर रेषांमधले, सारख्या पायाचे समांतरभुज चौकोन क्षेत्रफळानेही सारखेच. एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावायचा, एवढीच तर सिद्धता. मायला ती कमरेत वाकून वाकून कळली होती. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही.

चाचणीत गुरुजींनी हाच सिद्धान्त विचारला, पण आकृती उलटी काढली, अक्षरंही बदलली. पाठांतरवाले सगळे आडवे झाले. मी आमच्या दोन बांध्या डोळ्यांसमोर आणल्या आणि लिहीत सुटले. पास झाले. "कोणी शिकवलं?" गुरुजींनी विचारलं. "मायनं," मी म्हटलं. वर्ग हसला. हसू दे.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली, म्हणजे शाळा चालू. मायला म्हटलं, "तुझ्यामुळंच पास झाली मी." "मले काय येते?" म्हणत ती चुलीकडे वळली. बाकीच्या बांध्यांची रोवणी अजून आठ दिवस चालणार होती. सकाळी मी शाळेला निघाले, तेव्हा माय बांधीत वाकली होती आणि स्वतःची ओळ संपवून माझ्या वाट्याचीही लावत होती.