ओसरीतली मार्थाबाई

रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळं चर्च ती एका सुरात म्हणायचं. मार्थाबाईही म्हणायची, खणखणीत आवाजात. पण ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. ओळ सरली की पुन्हा उघडायचे. मी धनज गावच्या बौद्ध घरातली, मिशनच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. पोरींना गप्प बसवायला त्यांच्याबरोबर चर्चमध्ये बसावं लागायचं. एकदा न राहवून तिला विचारलं, तर म्हणाली, “मी करतच नाही क्षमा. मंग देवापुढं उभं राहून खोटं कायले बोलू, बाई?”

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात एवढं मोठं चर्च कसं, असं एसटीतून जाणारे लोक विचारायचे. मार्थाबाई त्या चर्चची झाडलोट करायची, वेदीवरची कापडं धुवायची, सणाला घंटा वाजवायची. उंच, काळीसावळी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. फादर बदलत गेले, किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या.

चर्च परदेशी फादरांनी बांधलेलं. चुन्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, छपराला सागवानी कैच्या आणि वर कौलं. पूर्वेच्या भिंतीला चिकटून जुनी लाकडी वेदी, तिच्यावर सोनेरी रंग दिलेली वेलबुट्टी. आधी एवढं एकच लांब दालन होतं. पुढे गावकुसाबाहेरची माणसंही ख्रिस्ती झाली, तेव्हा त्यांच्यासाठी वेदीच्या बाजूला काटकोनात एक ओसरी काढली. तिला वेगळं, अरुंद दार ठेवलं. ओसरी आणि दालन यांच्यामध्ये दोन कमानी, आणि दोन कमानींच्या मध्ये एक जाडजूड खांब. ओसरीत कुठेही बसा, वेदीच्या जागी तो खांबच दिसायचा.

“तुमी लोकायनं आता धर्म बदलला, आमच्या बुढ्यानं लय आधी बदलला,” मार्थाबाई मला म्हणायची. “जात मात्र आमच्या मांगं मांगं चर्चमंदी आली. लहानपनी मी देव नाही पाह्यला, बाई. खांब पाह्यला.”

दालनात सर्वांत पुढे मुकादमांचा बाक होता. इग्नास मुकादम म्हणजे तिथल्या जमीनवाल्या, जुन्या ख्रिस्ती घरातला कर्ता माणूस. चर्चचा पंच. त्याच्या आज्यानं तो सागवानी बाक करवून घेतला होता आणि त्याचे पाय शिसं ओतून फरशीत पक्के केले होते. पाठीवर घराण्याचं नाव कोरलेलं. त्यावर दुसरं कुणी बसत नसे.

मार्थाबाईचं लग्न व्हायचं होतं तेव्हा तिची आई वारली. भावांनी शवपेटी उचलून चर्चच्या मोठ्या दाराशी आणली. दारात इग्नास मुकादम उभा. म्हणाला, “तुमचा रस्ता तिकून आहे.” फादर दौऱ्यावर गेलेले. भावांनी मुकाट्याने पेटी ओसरीच्या दाराकडे वळवली. दार अरुंद, आत लगेच वळण. पेटी तिरपी केली, मग जवळजवळ उभी केली. तेव्हा आतून आवाज आला.

“मायचं डोस्कं पेटीच्या फयीवर आपटलं,” मार्थाबाई सांगायची. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नसायचं. “भावायनं आयकलं नसन. मी आयकलं. अजूनबी आयकू येते.”

मी तिथे रुजू झाले त्या वर्षी नवे फादर आले. केरळातले, तरुण, मराठी अडखळत बोलणारे. आता धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून मिस्सा करायची असा नियम आला होता. भिंतीला चिकटलेली जुनी वेदी त्यासाठी चालणार नव्हती, दगडाची नवी घडवायची होती. ती कुठे ठेवायची यावर पंचांच्या बैठका झाल्या. मुकादमांचं म्हणणं, आमच्या बाकासमोर. मार्थाबाई बैठकीत गेली नाही. ती फादरांना म्हणाली, “एक रविवार माह्या जागेवर बसा.”

पुढच्या रविवारी मिस्सेला वाशीमकडचे पाहुणे फादर होते. आमचे फादर ओसरीत जमिनीवर, बायांच्या मागे बसले. तासभर त्यांनी खांब पाहिला. संध्याकाळी त्यांनी निर्णय सांगितला. नवी वेदी कमानींच्या पलीकडे, ओसरीच्या तोंडाशी. दालनातले बाक तिकडे वळवायचे. खांब काढता आला तर उत्तमच, पण गवंडी म्हणाला, खांब काढला तर दोन्ही कमानी आणि वरचं छप्पर खाली येईल. मुकादमांचा बाक उखडून दुसरीकडे बसवू, असंही फादर म्हणाले. इग्नास मुकादम ताडकन उठला. “आमच्या आज्याचा बाक हालनार नाही.”

वेदीचा दगड बसवायच्या दिवशी फादर तांड्यांवर गेले होते. मी पोरींना घेऊन फुलं लावायला आले, तर समोरचं दृश्य पाहून दारातच थांबले. मार्थाबाई मुकादमांच्या बाकावर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा. पाठ ताठ, मान वळवलेली, एक डोळा मिटलेला. दोरीने बांधलेला दगड घेऊन गवंडी आणि चार गडी घामाघूम झाले होते.

“अजून हातभर तिकडं.”

“बाई, फादरनं खूण इथं केली हाये.”

“फादरले मी सांगीन. सरकव म्हन्तलं ना!”

दगड सरकला. तिनं बाकाच्या एका टोकाला बसून पाहिलं, मध्ये बसून पाहिलं, दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं. वेदी खांबामागे पूर्ण झाकली गेली तेव्हा ती उठली. “हां. आता चुना भर.”

फादर परतले तोवर चुना धरला होता. त्यांनी आधी दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वेदीवर कापड अंथरायला सांगितलं.

त्या रविवारपासून साऱ्या चर्चला वेदी दिसू लागली, एक बाक सोडून. बाकीच्या मुकादमांनी हळूहळू मागच्या बाकांवर जागा पाहिली. म्हातारा इग्नास मात्र हट्टानं तिथेच बसला. मार्थाबाईनं ओसरीतच आपलं बस्तान असं हलवलं, की खांबाच्या कडेनं तिला त्याचं तोंड दिसावं. वर्षांमागून वर्षं ती वेदीकडे कमी आणि त्या तोंडाकडे जास्त पाहत आली.

मग त्याची नजर अधू झाली, कानही गेले. एकदा मिस्सा संपल्यावर काठी टेकत तो आमच्यापाशी आला. “मारथे, मले काई दिसत नाही, आयकू येत नाही. तिकडं वेदीजवळ खुर्ची टाक माह्यासाठी.”

तिथे दहा खुर्च्या मावतील एवढी जागा होती.

“टाकली असती, बाबा,” मार्थाबाई मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. “पन तुमच्या आज्याचा बाक रिकामा पडन ना.”

 म्हातारा काठी चाचपडत पुन्हा आपल्या बाकाकडे गेला. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “तुमाले वाटू द्या. माह्या वाट्याचं वाईट वाटून सरलं.”

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. अंत्यविधीला चर्च माणसांनी भरलं. प्रार्थना सुरू झाली आणि ओसरीतून हुंदका ऐकू आला. मार्थाबाई रडत होती. पदर तोंडात कोंबूनही आवाज आवरेना. आईचं सांगतानाही कधी न रडलेली ही बाई. आजूबाजूच्या बाया एकमेकींना खुणावू लागल्या. एक म्हणाली, “पाहा, मार्थानं माफ केलं. देव मोठा हाये.”

मी तिच्याजवळ सरकले, तिचा हात धरला. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

“त्याच्यासाठी नाही रडून राह्यली, बाई. सुटला बुढा. अजून धा-पंधरा वर्सं जगाले पायजे होता.” खांबाच्या कडेनं तिनं त्या बाकाकडे पाहिलं. “आता रविवारी मी पाहू कोनाकडं?”