चारच्या वर्गमुळाची सिद्धता

अंकुर गावंडेचं फ्लेक्स दर्यापूरच्या चौकात अजून टांगलेलं आहे. बारावीला गणितात शंभरपैकी शंभर. फोटोत हाताची घडी घालून असा उभा आहे, जसा काही गणिताचा शोध यानेच लावला. त्याच्या वडिलांनी, सूर्यभानजींनी, ते हौसेने लावलं. पोराने गणित केलेलं नाही, नुसतं पाठ केलंय, हे त्यांना कोण सांगणार?

अमरावतीला आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आला तोही त्याच तोऱ्यात. मी इथे गणितच शिकवतो, आणि असले पोपट दर वर्षी बघतो. यांच्या लेखी सिद्धता म्हणजे 'समजा'पासून 'हे सिद्ध झाले'पर्यंत स्वल्पविरामासकट घोकायचा मजकूर. अक्षर मोत्यासारखं. मधली एखादी ओळ का आली विचारलं, तर म्हणे गाइडात आहे.

माझ्याच विभागातल्या मंजुषा मॅडम अकोल्याच्या. त्यांना या पाठांतराची भारी चीड. त्यांनी चाचणीत मुद्दाम प्रश्न टाकला: चारचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे ते अंश-छेद असं लिहिताच येत नाही, हे सिद्ध करा. दोनच्या वर्गमुळाची सिद्धता या पोरांना दहावीपासून पाठ. अंकुरने दोनच्या जागी चार घातला, पानभर लिहिलं आणि खाली ऐटीत दोन रेघा ओढल्या. करिश्मा नावाच्या मुलीने एकच ओळ लिहिली: चारचं वर्गमूळ दोन आहे, प्रश्न चुकीचा आहे. तिला दहापैकी दहा, याला भोपळा. साहेबांचा पहिला नंबर गेला.

तणतणत स्टाफरूममध्ये आला.

"मॅडम, पेपर तुमचा चुकला अन् मार्क माये कापले?"

"चारचं वर्गमूळ किती?"

"दोन."

"मग ते अपरिमेय हाय, असं कसं सिद्ध केलं तू?"

"पेपरात आलं होतं नं!"

मला हसू आवरेना. उत्तर दोन हे ठाऊक असूनही या गुणवंताने छापील प्रश्नापुढे अक्कल गहाण टाकली होती.

मॅडम म्हणाल्या, "तुया या पानात एक पायरी खोटी हाय. ती शोधून दाखव, पूर्ण मार्क देईन."

त्याने आधी गाइडं चाळली. मग दर्यापूरच्या क्लासवाल्या सरांना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "औट ऑफ सिलॅबस हाय, सोडून दे." असल्या दुकानदारांच्या पाया पडतात ही मुलं! मग तो रोज अंदाजपंचे एकेका पायरीवर बोट ठेवायचा, आणि मॅडम "कावून?", म्हणजे का, एवढंच विचारायच्या.

शेवटी एका दुपारी चुरगळलेला कागद घेऊन आला. मोत्यासारखं अक्षर पार कोंबडीचे पाय झालं होतं.

"मॅडम, सहा घेऊन पाह्यला. सहाचा वर्ग छत्तीस. छत्तीसले चारनं भाग जाते, सहाले जात नाई. अन् मी लिहून देल्लं, की वर्गाले भाग जाते म्हणून संख्येले बी जाते. तेच खोटं हाय." तो थांबला. "पण मंग दोनच्या वेळी ते कावून चालते?"

दहावीपासून ती ओळ लिहीत होता बेटा. का, हे आज विचारलं. मॅडमनी खडू त्याच्या हातात दिला. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो, म्हणून वर्ग सम असेल तर संख्याही समच, एवढंसं मांडायला त्याने चारदा फळा पुसला. मी आयुष्यात इतकी गबाळी सिद्धता पाहिली नाही, पण तिच्यात खोट नव्हती. मार्क मागायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्याने घरी फोन लावला.

"बाबा, मले आतापर्यंत गणित येतच नव्हतं."

सूर्यभानजींचा आवाज मला आत ऐकू आला. "हळू बोल नं बे! चौकात फ्लेक्स लागून हाय तुयं."

"उतरवा मंग ते," अंकुर म्हणाला.