पहिल्या मानाचा मोतीबिंदू

वीर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याकडे काळ्या चष्म्यांचं खोकं, गुंडाळलेला बॅनर आणि बरंचसं पुण्य होतं. आमच्या ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतल्या नऊ जणांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च उचलला होता. फोटो काढणं आणि आभार स्वीकारणं ही कामं माझ्याकडे होती.

"रायगड बघायला काय?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही, मोतीबिंदू," मी म्हणालो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि महाडपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही.

महाडला दवाखान्याची गाडी तयार होती. बरोबर एक सिस्टर होत्या. पोलादपूर गेलं, कापडे गाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. आंब्यांना मोहोर होता, खाली भातखाचरं कोरडी पडली होती. वाडीत शाळेच्या पडवीत आठ म्हातारी माणसं धुतलेले कपडे घालून बसलेली. गाडीचं दार उघडलं, पण एकही जण हलला नाही.

"तात्या आलं नाय अजून," एकाने सांगितलं.

धाकूतात्या वाडीचे मानकरी. शिमग्यात देवीची पालखी आधी त्यांच्या घरी जाते, मग ठरलेल्या क्रमाने बाकीच्या घरी. नळाचं पाणी आलं तेही त्याच क्रमाने. आता ऑपरेशनं आली होती, तीही तशीच जाणार. मला हसू आलं. मग काखेतला बॅनर आठवला. देणगीदारांत कुणाचं नाव वर, यावरून तो तीनदा छापावा लागला होता. मी हसू गिळलं.

आम्ही घरी गेलो तर तात्या ओटीवर बसले होते. "शिमगा होऊ दे, मग बगू," ते म्हणाले. आतून त्यांची बायको हळूच म्हणाली, "भितात ओ ते सुईला."

सिस्टरांचा जीव मात्र पडवीतल्या आठांपैकी चंद्राबाईंसाठी खालीवर होत होता. त्यांचे दोन्ही डोळे गेल्यातच जमा होते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुगत चालला होता, आणखी लांबवलं तर तो डोळा कायमचा जाणार होता. मुलगा मुंबईत, घरात एकट्या. त्यांनी मला घरी नेऊन चहा दिला तो कपात बोट बुडवून, भरला की नाही ते बघत. त्या बोटावर चुलीच्या चटक्यांचे डाग होते. चहा मला गोड लागला नाही.

"तुम्ही तरी चला," मी म्हटलं.

चंद्राबाई चाचपडत पडवीत आल्या. "पालखीच्या फुडं काय चालतं रे?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"मशाल," कुणीतरी म्हणालं.

"ती कुनाच्या घरची?"

मशालीचा मान चंद्राबाईंच्या घरचा होता. म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले, मग माना डोलल्या. चंद्राबाई गाडीत बसल्या. बाकीचे सात जण मात्र तिथेच बसून राहिले. मशालीमागून आधी पालखी निघायला हवी ना!

ऑपरेशन त्याच दुपारी झालं. महाडच्या लॉजमध्ये मी नाचणीची भाकरी मागितली आणि पनीर खाल्लं.

सकाळी पट्टी निघायच्या वेळी मी भिंतीवर बॅनर लावला आणि हसरा चेहरा करून चंद्राबाईंच्या बरोबर समोर उभा राहिलो. नजर आल्यावर पहिलं दर्शन दात्याचं व्हावं, एवढीच माफक इच्छा. पट्टी निघाली. त्यांनी डोळा किलकिला केला आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"भावजी, म्हातारं झालाव की हो!"

दारात धाकूतात्या होते. पहिल्या एसटीने आले होते. मागे सात जण, क्रमाने.

"वयनी, दुखलं काय गो?" तात्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"काय नाय."

तात्यांनी टोपी काढून सिस्टरांच्या हातात दिली आणि आत गेले. मागचे सातही रांगेत बसले. मला एकदम भरून आलं. फोटो काढायचा राहूनच गेला.

निघण्याआधी चंद्राबाई आणि मी व्हरांड्यात चहा घेत बसलो. "खरंच दुखलं नाही?" मी विचारलं.

"सुई टोचली तवा आय आठवली," त्या कुजबुजल्या. "पन त्यास्नी सांगितलं असतं, तर मागची सात आंधळीच राह्यली असती."

बोलता बोलता त्यांनी काळा चष्मा वर केला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं.

"भाऊ, तुमच्या डाव्या डोळ्यात पन सफेद हाय. तुम्ही कुनासाठी थांबलाव?"

दोन वर्षं ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हती. थंडी संपू दे, पाऊस संपू दे, असं तिला सांगत आलो होतो. वाडीला निदान एक रीत तरी होती. माझ्याकडे नुसती भीती होती.

परतीच्या गाडीत मंडळासाठी अहवाल लिहायला घेतला, पण चंद्राबाईंचा निरोप घेतानाचं बोलणंच डोक्यात घोळत होतं. मी बॅग उचलली होती, दोन पावलं गेलो होतो आणि न राहवून मागे वळलो होतो.

"फार दुखतं का हो?"

त्यांनी चष्मा नीट केला, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाल्या, "काय नाय."