सदा तांडेलाचा बोळा

सदा तांडेलाची आयुष्यभराची विद्या एकच: गळतं तिथे बुजवायचं. मुरुडच्या होड्यांच्या फटी त्याने राळेत भिजवलेल्या कापसाने अशा भरल्या, की लाकूड कुजलं पण फट उघडली नाही. गुडघे गेले तेव्हा होडीतला वाटा विकून त्याने छोटी टर्बो गाडी घेतली आणि लॉजवरचे पाहुणे फिरवू लागला.

भाचीचं, मृणालचं, लग्न ठरलं. सासर खाडीपलीकडे, दिघीला. तिचे वडील येसाजी भाड्याची मोठी गाडी सांगायला निघाले, तसा सदा भरल्या ताटावरून उठला.

"नवरीला मांडवात मामानं न्यायची. मामाची गाडी दारात असताना भाड्याची?"

"तुझ्या गाडीला तेलाचा वास येतो. पोर शालू नेसून बसायची हाय."

वास येत होता, हे खरंच. इंजिनातून निघालेली एक रबरी नळी हवेच्या पाइपाला जोडलेली होती आणि सांध्यावर तेल ओलावलेलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ धरते, ती या नळीवाटे जाऊन इंजिनातच जळते; थोडं ओलं राहायचंच, नळीची क्लिप तेवढी बदलू. 'थोडं ओलं' हे शब्द तांडेलाला कधीच मानवले नव्हते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याने नळी काढली, आत राळेत भिजवलेल्या कापसाचा बोळा ठासला आणि परत जोडली. वास गेला. सदा समाधानाने झोपला.

सकाळी वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागून सदा, त्याची बायको सोनूबाई आणि नवरी आगरदांड्याला फेरीबोटीत चढले. दिघीला बोटीतून उतरल्यावर सदाने धक्क्याच्या चढावर गाडी रेटली. बॉनेटखाली फट्‌ झालं आणि निळा धूर उसळला.

मागच्या मासळीच्या टेम्पोतून हाक आली, "ओ तांडेल, नांगर टाकलाव काय?"

बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी उडून बाहेर आली होती आणि तेल तापल्या लोखंडावर धुमसत होतं.

"गळतंय," सदा म्हणाला. हात आपोआप खिशातल्या कापसाकडे गेला.

सोनूबाईने मनगटच पकडलं. "हा माज्या वातींचा कापूस. बाकीचा कुटं घातलाव?"

सदाने नळीकडे पाहिलं.

"व्हय का! भाताच्या टोपावर झाकण घातलं, वर पाटा ठेवला, नि आता इचारताव भात उतू का गेला?"

मुंडावळ्या सावरत मृणालने खिडकीतून डोकं काढलं. "मामा, मुहूर्त टळला तर मी टेम्पोतून जाईन हां. बोंबलाच्या वासाला आपल्यात कुणी नाव न्हाय ठेवणार."

बोळा निघेना. बुजवणी सदाची होती. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या कारागिरीला शिवी घातली. अखेर सोनूबाईने अंबाड्यातला आकडा काढून दिला, तेव्हा तो काळाकुट्ट गोळा बाहेर आला. पट्टी बसवली, डब्यातलं तेल ओतलं. गाडी खोकत खोकत धूर झटकून निघाली.

मांडवाच्या दारात येसाजींनी नाक वर केलं. "मामा आला की मिस्त्री?"

तेलकट हात सदाने पाठीमागे लपवला. मृणालने तो ओढून घेतला, घट्ट धरला, आणि मामाने नवरी मांडवात नेली.

शालूवर डाग पडला. कुठे, ते ती अजून कुणाला दाखवत नाही.