द्वारकेच्या लग्नातले पाट

भुजंग सुतार यंदाच्या पौषात वारले. कुंभार पिंपळगावहून आलेल्या पत्रात ही बातमी अगदी शेवटी होती, हरभऱ्याच्या भावाच्याही खाली. पत्र आईनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. लिहिणाऱ्याला ती बातमी हरभऱ्याच्या खालचीच वाटली असणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. गावात भुजंगमामांची किंमत एवढी उतरली ती माझ्यामुळे. ही गोष्ट आता जिवंत माणसांत मला एकट्याला माहीत आहे.

मामा म्हणजे नात्यानं मामा नव्हेत. आमच्याकडे वडीलधाऱ्या सुताराला, कुंभाराला सगळे मामाच म्हणतात. अंगानं सडपातळ, उंच, आणि आयुष्यभर लाकूड तासायचा वाकस मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. बोलणं मोजकं. तंबाखू, पान, विडी काही नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "जीभ मरती." त्यांना जिभेचं काम होतं. लाकडाचा बारीक ढलपा ते जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि लाकूड किती ओलं आहे, आणखी किती महिने थांबायचं ते सांगायचे. ते कधी चुकलेले कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते या जिभेवर.

वर्षभर गावाचे नांगर, वखर, तिफणी नीट करायच्या आणि खळ्यावर आपल्या वाट्याची ज्वारी घ्यायची, हे त्यांचं जगणं. पण खरा मान असायचा लग्नात. नवरानवरी ज्या पाटांवर उभे राहतात ते सुतारानं आणायचे आणि अक्षता पडल्या की मुलीकडच्यांनी भर मांडवात त्याला पागोटं बांधायचं. पागोटं जाडंभरडंच असायचं. पण एरवी खाली मान घालून रंधा मारणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ सगळं गाव मान वर करून बघायचं. मामा त्या दिवशी दाढी करून यायचे.

माझी बहीण द्वारका हिचं लग्न त्रेपन्न सालच्या वैशाखात ठरलं. वडील नव्हते. घरात आई झुंबरबाई, द्वारका आणि मी श्रीपती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि जालन्याला एका सरकीच्या दुकानात कारकुनी करत होतो. जालन्यात चार वर्षं राहून मी फार शहाणा झालेलो होतो, निदान माझं तसं मत होतं.

मुलगा केदारखेड्याचा, बद्रीनाथ. मुलगा साधा, पण त्याचे चुलते रामराव मोठं प्रस्थ. त्यांनी सुपारी फोडतानाच सांगितलं होतं, "पाट नवे पाहिजेत. लग्नानंतर ते पोरीसोबत आमच्याकडे यायला पाहिजेत." जालन्याच्या बाजारात सागाच्या पाटांची जोडी चौदा रुपयांना होती. माझ्याजवळ या कामाला पाच रुपये होते. त्यातच चैत्रात वावटळ आली आणि आमच्या विहिरीवरच्या आंब्याची मोठी फांदी मोडली. मला वाटलं, देवच पावला. लाकूड फुकट, सुतार गावचा. मी पाच रुपये घेऊन भुजंगमामांकडे गेलो.

त्यांनी फांदीचा ढलपा काढून जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

"वलं हाये बापू. बिलकुल वलं. दिवाळीपस्तोर थांबा, असे पाट देतो की नातवंडं बसतील."

"लग्न वैशाखात आहे, मामा."

"मंग उभं राह्याला माझे जुने पाट घ्या, सगळं गाव घेतंय. दिवाळीला पोरगी माहेरी येईल, तवा नवे तिच्यासंग धाडा. तुमचा खर्चा वाचंल अन् पाट बी टिकतील."

इतका साधा, स्वस्त आणि बरोबर सल्ला मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. मी तो झिडकारला. गावातल्या प्रत्येक लग्नात फिरलेले पाट माझ्या बहिणीच्या मांडवात? रामराव काय म्हणतील? मी म्हणालो, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी दुसरा सुतार बघतो." हे वाक्य मी जालन्याच्या दुकानात शिकलो होतो. गावच्या सुताराला असं कोणी बोलत नाही, आणि गावातल्या माणसाला नाही म्हणायची सुताराला रीत नाही. मामा म्हणाले, "ठेवा पैसे."

त्यांनी फळ्या पाडल्या आणि दोन्ही टोकांना शेण लिंपून त्या भुशात पुरून ठेवल्या. लाकडाचा ओलावा हळूहळू गेला तर ते फाटत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पाट आणून दिले. रुंद, गुळगुळीत, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, वरून तांबडा रंग. खरं सांगतो, देखणे होते. रंग मात्र बोटाला लागत होता.

"सावलीतच ठेवा," मामा म्हणाले. "उन्हाला दाखवू नका. रंग वाळला न्हाई तर न्हाई. वल्ल्या रंगाचा पाट चालतो, फुटका चालत न्हाई."

दुपारपर्यंत रंग वाळला नाही. मला बद्रीनाथचं पांढरंशुभ्र धोतर दिसायला लागलं आणि त्यावर तांबडे डाग. मी कोणाला न सांगता दोन्ही पाट घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, नेले आणि वैशाखाच्या उन्हात तापलेल्या मातीवर मांडून ठेवले. संध्याकाळी खाली आणले तेव्हा रंग खडखडीत वाळला होता. एका पाटाच्या कडेला केसाएवढी फट पडली होती. मी ती बघितली. डब्यात उरलेला रंग बोटावर घेतला आणि फटीत भरला. फट दिसेनाशी झाली आणि मी समाधानानं हात धुतले.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त होता. अंतरपाट धरला, एकीकडे द्वारका उभी राहिली, दुसरीकडे बद्रीनाथ. भटजींनी पहिलं मंगलाष्टक अर्ध्यावर आणलं असेल नसेल, तेवढ्यात काडकन आवाज झाला. बद्रीनाथच्या पायाखालचा पाट या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा फाटला आणि त्याचा एक पाय जमिनीवर आला.

रामरावांनी हात वर करून भटजींना थांबवलं. नवरदेवाच्या पायाखाली पाट दुभंगणं म्हणजे काय, हे तिथं कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बायकांच्या बाजूनं आईचं रडणं ऐकू आलं. द्वारका अंतरपाटाआड खाली मान घालून तशीच उभी होती.

"पाट कोणी केला?" रामरावांनी विचारलं. "देवाच्या मनात नसंल तर आम्ही वऱ्हाड परत नेतो. अन् माणसाची चूक असंल तर ज्यानं केली त्यानं म्होरं यावं."

यावर सगळं अडलं होतं. माणसाची चूक असेल तर तो अपशकुन नाही, लग्न लागतं. म्हणजे कोणीतरी चूक कबूल करायला हवी होती. भुजंगमामा दाढी करून मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी फाटलेला पाट उचलला, फटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी बोलायला हवं होतं. मी पाट उन्हात ठेवला, मी फट रंगानं झाकली, एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो, "सुतारानं केला. मी त्याला लाकूड चांगलं दिलं होतं."

‘त्याला’ म्हणालो. जन्मभर ज्यांना अहो-जाहो केलं त्यांना.

मामांनी पाट खाली ठेवला. "व्हय," ते म्हणाले, "चूक माझीच. लाकूड वलं होतं. मला कळालं न्हाई."

"मला कळालं न्हाई!" ज्या जिभेसाठी माणसानं पान-तंबाखू सोडली त्याच जिभेनं तो हे बोलला. रामराव हसले. "सुतार असून वलं-वाळलं कळंना?" मग मांडवही हसला, कारण लग्न वाचलं होतं आणि सगळ्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. मामा लगबगीनं घरी गेले, आपले जुने पाट घेऊन आले, खांद्यावरच्या उपरण्यानं पुसून मांडले आणि त्या पाटांवर माझ्या बहिणीचं लग्न लागलं.

अक्षता पडल्यावर रामरावांनी सांगितलं, "याला पागोटं बांधायचं न्हाई." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पागोटं ट्रंकेत ठेवून दिलं.

द्वारकेचं चांगलं चाललं आहे. बद्रीनाथ तिला जपतो. रामरावसुद्धा आता तिच्या हातच्या भाकरीचं कौतुक करतात. इकडे गावात मामांचं चांगलं काम एकेक करून गेलं. आधी लग्नाचे पाट, मग पाळणे, मग घराची चौकट. सुताराच्या हातात दोष आहे असं एकदा कोणी म्हटलं की शुभकार्याला कोण बोलावणार? नांगर-वखर तेवढे राहिले, कारण नांगर मोडला तर कोणी अपशकुन मानत नाही. मी सणावाराला गावी जायचो, त्यांच्या दारावरून जायचो आणि दर वेळी पुढच्या खेपेला सांगू असं ठरवायचो. माझ्याइतका ठरवणारा माणूस जालना तालुक्यात नसेल.

अठ्ठावन्न साली मामांच्या मुलीचं, ताराचं लग्न झालं. मुलाकडच्यांनी एकच अट घातली होती, पाट बापानं करायचे नाहीत. दुसऱ्या गावचा सुतार पाट घेऊन आला. त्याला पागोटं बांधायचं तर मुलीच्या बापानंच बांधायला हवं, म्हणून मामांनी ते आपल्या हातानं बांधलं. नीट, घट्ट, घडीवर घडी बसवून बांधलं. मी पंगतीत बसलो होतो. स्वतःची एवढी किळस मला कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ऊन, फट, बोटावरचा रंग. ते एका जुन्या वखराला दांडी बसवत होते. हात थांबले नाहीत.

"हे मला कामून सांगून राह्यले, बापू? मला तवाच ठावं झाल्तं. फटीत आतपस्तोर तांबडा रंग होता. मांडवात फाटला असता तर आतून पांढरा निघाला असता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पोरगी उभी होती ना अंतरपाटामागं." मग त्यांनी प्रथमच वर पाहिलं. "आता ती दोन लेकरांची माय हाये. आता कोण मोडतंय तिचं लगीन? मला सांगून काय फायदा? गावाला सांगा."

मी म्हणालो, "सांगतो. उद्या बाजार आहे. पारावर सगळे असतात, सगळ्यांसमोर सांगतो."

"बराबर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. पाटील होते, सावकार होते, माझ्या बहिणीच्या लग्नात जेवलेली सगळी माणसं होती. कोणीतरी विचारलं, जालन्याला सरकीचा भाव काय? मी सांगितला. मग कपाशीचा विचारला, तोही सांगितला. एवढ्यात भुजंगमामा आले. ते पारावर कधी येत नसत. आले आणि कडेला, जरा अंतर ठेवून बसले. दाढी केलेली होती, धोतर धुतलेलं होतं. नुसते माझ्याकडे बघत बसले. मी सरकीवरून पेंडीवर गेलो, पेंडीवरून यंदाच्या पावसावर गेलो. तासभर बोललो असेन. मग जालन्याच्या मोटारीचा भोंगा वाजला, आणि मी पिशवी उचलून सगळ्यांना रामराम केला.

खिडकीतून मागं पाहिलं तेव्हा पारावरची बाकीची माणसं उठून बाजारात पांगली होती. मामा अजून तिथंच बसले होते.