साडूंचा ट्रायपॉड

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या दुबईत सापडणार नाही, आणि त्यांनी आयुष्यात ज्या एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो नेमका मी निघालो. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

साडू इंटरनॅशनल सिटीत राहतात. राहत होते, म्हणायला हवं. हॉटेलात पाण्याची बाटली उघडताना ते झाकणाचा आवाज कान लावून ऐकत. लिफ्टला आधी एकदा रिकामं वर पाठवून बघत. मोबाइलने आकाश निरभ्र असल्याचं सांगितलं, तरी खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करत. "हबीबी, ॲपच्या बापाचं काय जातंय?" नोकरी संपवून कायमचं नाशिकला परतायचं ठरलं, तेव्हा या गृहस्थांनी एकच हट्ट धरला: जाताना इथला एक अख्खा दिवस बरोबर न्यायचा. म्हणजे टाइमलॅप्स. कॅमेरा पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एका जागी ठेवायचा, तो आपणहून फोटो काढत राहणार, आणि ते जोडले की दिवस मिनिटभरात पळणार. जागा ठरली जुमेरा लेक टॉवर्समधली आमची बाल्कनी.

मग दर रविवारी साडू हजर. कधी होकायंत्र घेऊन, कधी फरशीवर पाण्याची वाटी ठेवून टॉवर हलतो का ते बघायला. सूर्य मरीनातल्या ज्या इमारतीमागे गेल्या रविवारी बुडाला, तिच्याचमागे या रविवारी बुडेल यावरही त्यांचा भरवसा नव्हता. कठड्याचे, कोपऱ्याचे, कपडे वाळत घालायच्या दोरीचे ट्रायल फोटो काढत सुटले होते. एकदा माझ्या बायकोला म्हणाले, "कपडे केव्हा वाळत घालतेस गं?" तेव्हा मात्र माझे कान टवकारले.

कारण आमच्याकडे बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. बायको तरीही घालते. मशीनमध्ये वाळलेल्या कपड्यांना उन्हाचा वास येत नाही, असं तिचं म्हणणं. आणि त्याच आठवड्यात सिक्युरिटीवाला दारात उभा. "सर, किसीने बाल्कनी का फोटो भेजा है."

मी मनातल्या मनात खटला चालवला आणि साडूंविरुद्धचा निकाल बायकोला ऐकवला.

"भावोजी असं कशाला करतील?" बायको म्हणाली.

"कायमचा निघालेला माणूस काहीही करतो."

"बाबा, यू आर बिकमिंग लाइक काका," लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

शूटच्या पहाटे साडूंनी ट्रायपॉडचे पाय टेपने फरशीला चिकटवले, बायकोला मुद्दाम पिवळी साडी दोरीवर घालायला लावली आणि निघाले. "इथे थांबलो तर मीच हात लावीन. माझा माझ्यावरही विश्वास नाही. तुम्ही आहात ना, झालं."

दुपारी मी कॅमेऱ्यात डोकावलो. कडेला आमची दोरी, दोरीवर साडी. पुरावाच! मी कॅमेरा बोटभर फिरवला.

संध्याकाळी लॅपटॉपवर दिवस पळाला. ऊन काचांवरून उतरलं, तळ्यावर सावल्या फिरल्या, कोपऱ्यात पिवळी साडी नाचत होती. मग सगळं शहर दचकल्यासारखं सरकलं आणि साडी गेली. साडूंनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

"नुसते टॉवर काय, कुणीही नेतो," ते म्हणाले. "इथे आपलंही कुणी राहतं, एवढं दिसायला हवं होतं." उद्या संध्याकाळी विमान होतं, दुसरा अख्खा दिवस मिळणार नव्हता. मग एकदम उसळले. "हा ट्रायपॉडच हरामखोर! यल्ला, चला, उद्या सकाळी ड्रॅगन मार्टात, घेतला त्याच दुकानात. तुम्ही साक्षीदार."

दुकानदाराने ट्रायपॉडवर स्वतःचा भार टाकून दाखवला. ट्रायपॉड ढिम्म. "देखो भाई, नहीं हिलता."

"तो क्या हम झूठ बोलते हैं? इनको पूछो. हमारे साडू हैं, ये कभी झूठ नहीं बोलते."

"साडूभाऊ, कॅमेरा मी फिरवला होता," मी म्हणालो.

बाटलीच्या झाकणाचा आवाज ऐकत, तसं त्यांनी माझं बोलणं कान लावून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "त्या बिचाऱ्याला वाचवायला कशाला खोटं बोलताय?"

आता कारणही सांगणं भाग होतं. "सिक्युरिटीला फोटो तुम्हीच पाठवला, असं मला वाटलं, म्हणून फिरवला. तुमचा दिवस मी घालवला. चुकलो, साडूभाऊ. मला माफ करा."