फळीवरचं वजन

जमिनीला बाजूने हिसका दिला की तो लहरीसारखा खाली उतरतो. किती वेगाने उतरतो त्यावरून माती घट्ट आहे की भुसभुशीत, आणि भूकंपात वरच्या इमारतीचे किती हाल होतील, हे कळतं. त्यासाठी फार काही लागत नाही. एक बोअर, त्यात सोडलेला सेन्सर, शेजारी जमिनीवर एक लाकडी फळी, आणि फळीच्या टोकावर आडवा हातोडा. फक्त फळी जमिनीला घट्ट दाबलेली हवी, म्हणून तिच्यावर गाडीची पुढची चाकं चढवतात.

दिल्लीतल्या एका छावणीत फॅमिली क्वार्टर्सच्या मागे नवी इमारत व्हायची होती. परवानगी एकाच दिवसाची, आणि एकटीने करायची माझी ही पहिलीच चाचणी. निघताना आमचे साहेब म्हणाले होते, "डेटा नहीं आया तो आगे से ऑफिस में बैठकर ड्रॉइंग बनाना." मला ड्रॉइंगचा तिटकारा आहे. मला हातोडा आवडतो.

आणि ड्रायव्हर गाडी घेऊन डिझेल भरायला गेला तो गेलाच. पास एकदाच आत यायचा होता, गेटवरच्या जवानाने त्याला परत सोडलं नाही. मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

"अगं, कुणाशी भांडतेस एवढी?" मागून मराठीत आवाज आला. पाच बायका ऊन खात मटार सोलत बसल्या होत्या, सगळ्या महाराष्ट्रातल्या जवानांच्या घरच्या. वयाने आणि मानाने मोठ्या त्यातल्या सुभेदारीणकाकू. मी अडचण सांगितली. काकूंनी ताट बाजूला ठेवलं. "वजनच पाहिजे ना? चला गं."

पाचही जणी फळीवर ओळीने बसल्या. पहिल्या ठोक्याला एकीला गुदगुल्या झाल्या, मग सगळ्याच खिदळल्या आणि स्क्रीनवर नुसती खिचडी उमटली. दुसऱ्या ठोक्याला तेच. तेव्हा काकूंनी "हलायचं नाही!" असा आवाज काढला की पलीकडे कपडे वाळत घालणारा जवानही जागच्या जागी थांबला. त्यानंतरच्या लहरी काय सुरेख आल्या! डावीकडून मारलेली आणि उजवीकडून मारलेली एकमेकींच्या तंतोतंत उलट, जशा हव्यात तशा.

शेवटी फॉर्मात एक रकाना होता: फळीवरचं वजन. मी एकेकीला विचारलं. "पंचेचाळीस," एक म्हणाली. दुसरी त्याहून खाली. सुभेदारीणकाकूंनी शपथेवर बावन्न सांगितलं. मी मान खाली घालून लिहीत गेले. पाच जणींचं मिळून सव्वादोनशेसुद्धा भरलं नाही. निघताना काकूंनी जेवायला ये म्हणून स्वतःचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लहरी पाहिल्या, मग तो रकाना. "इतने में तो फट्टा सरक जाता. ये रिकॉर्ड किस पुरानी साइट से उठाया?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. छावणीत फोटो काढायला बंदी, म्हणजे पुरावाही नाही. मी तिथेच काकूंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "काकू, वजन कमी पडतंय. साहेब म्हणतात, मी डेटा चोरला."

तिकडे मागे बाकीच्या चौघींच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"साहब," काकू म्हणाल्या, "लड़की सच्ची है. मेरा बावन नहीं, इक्यासी लिखो." मग बाकीच्यांना, मराठीत: "बोला गं आता! पोरीची नोकरी जाईल." एकेक आकडा येऊ लागला, शेवटचा तर जेमतेम ऐकू आला.

साहेबांनी गंभीर चेहऱ्याने बेरीज केली, जुना आकडा खोडला, सही केली आणि गाझियाबादची पुढची साइट माझ्या नावावर टाकली. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. चार मैत्रिणी ऐकत असताना आपलं खरं वजन मोठ्याने सांगायचं, तेही काल भेटलेल्या पोरीसाठी. माझ्या सख्ख्या आईने हे केलं असतं का, मला शंका आहे.